बदली

कोचीपासून एक्केचाळीस दिवस,
आणि शेवटचे दोनशे हात
नुसता चिखल.

घारापुरी मागे पडली तेव्हा मोरेश्वर म्हणाला होता,
पाणी धरू आपण, अजून तासभर आहे.
मी भरती-ओहोटीचं कोष्टक उघडून दाखवलं: नाही.
पण ज्या खाडीत तो पोहायला शिकला
तिचं पाणी त्याला छापील कागद सांगणार?
दिवाळ्याच्या धक्क्यासमोर टिटवी घसपटली, थांबली,
आणि हळूच डाव्या कुशीवर कलंडली
डबक्यातल्या म्हशीसारखी.
मी काही बोलले नाही.
एक्केचाळीस दिवसांत एवढं शिकले आहे.

धक्क्यावर निशिगंधा, जावई, हार, एक बँजोवाला.
धर्माकाका हातांचा कर्णा करून ओरडले,
"मोऱ्या, पानी राती नवाला येल! तवर बसा दोगं!"
बँजोवाल्याने एक चाल वाजवली, घड्याळ पाहिलं
आणि निघून गेला.
त्याची करावेत हळद होती.

समोर आमची इमारत.
सातव्या मजल्यावर आमची खिडकी,
दांडीवर त्याचा पंचा, जाताना मीच विसरलेला.
दुर्बिणीतून पट्टेही मोजता येत होते.
मालपेपासून मी त्या खिडकीचीच स्वप्नं पाहिली होती:
गोड्या पाण्याची बादली,
न घसरणारा पोळपाट,
दार लावून घेता येईल अशी न्हाणी.
आता ती समोर आली तर
मी दुर्बीण तिवरांकडे वळवली.
चिखलात निवटे उड्या मारत होते,
त्यांना कुठेही पोचायचं नव्हतं.

उरलेलं संपवायला घेतलं:
मूठभर रवा, मालवणची कोकमं,
दोन चहांपुरतं रॉकेल.
तिरक्या बोटीत पातेलं ठरेना.
त्याने पातेलं धरलं, मी स्टोव्ह.
विजयदुर्गाबाहेरची रात्र त्यालाही आठवली असणार.
शीड फाटलं होतं, आणि मी त्याला
तीस वर्षांत न दिलेली शिवी दिली होती.
तो हसला होता, भिजलेला, भ्यायलेला:
"आता खरी तांडेलीण झालीस."
त्यानंतर दोन दिवस आम्ही
होकायंत्राचे आकडे तेवढे बोललो.
आज त्याने एक घोट घेतला.
"साखर कमी आहे," म्हणाला.
साखर जयगडलाच संपली होती.

पाणी आलं तेव्हा आवाज झाला नाही.
फक्त पातेल्यात उरलेला चहा
काठाशी सरळ झाला.
मग टिटवी उठली, अंग झटकलं.
नांगर वर घ्यायचा होता.
दोघांनाही कोणी अडवलं नव्हतं.
धक्क्यावर निशिगंधा मोबाईलचा दिवा हलवत होती.
आम्ही तसेच बसलो.
वहीत मी लिहिलं: नऊ वाजून दहा, वारा नाही, बोट तरंगती.
खाली लिहिलं: नऊ पस्तीस, नांगर वर.
मधल्या पंचवीस मिनिटांची नोंद नाही.

रात्री पलंग हलेना, म्हणून गरगरलं.
एक्केचाळीस रात्रींत आम्ही एकदाही
एकाच वेळी झोपलो नव्हतो,
बंदरातसुद्धा नाही, नांगर सुटेल म्हणून.
एक आडवा, एक जागा, दोन वाजता बदली.
आज दोघं शेजारी शेजारी
आणि पहाऱ्यावर कोणीच नाही.

दोनला डोळे उघडले.
त्याची बाजू रिकामी.
तो गॅलरीत, खांद्यावर तो पंचा,
खाडीकडे तोंड करून.
मी शाल घेतली, खुर्ची ओढली.
"बदली," म्हटलं, "जा, पड जरा."
तो उठला. रोजच्यासारखा हवाला दिला:
"मतलई सुटलाय, हलका.
उजव्या अंगाला एक दिवा आहे. हलत नाही."
आणि आत गेला.
पाचव्या मिनिटाला घोरायला लागला.

दिवा शेजारच्या सोसायटीच्या पंपघरावरचा होता.
तरी उजाडेपर्यंत
मी त्याच्यावरची नजर काढली नाही.